जीवाणूंच्या बांगडीत माणसाचे प्रथिन

माझ्या लहानपणी आमच्या चाळीत मधुमेहाचे दोन रोगी होते. एक माझी खाला आणि दुसऱ्या पलीकडच्या खोलीतल्या काकू. दोघींना रोज इन्शुलीनचे इंजेक्शन घ्यावे लागे. त्या काळी आमच्यापैकी कोणाकडेच फ्रीज नव्हता. तळमजल्यावरच्या दुकानदाराच्या बर्फाच्या पेटीत दोघींच्या बाटल्या शेजारी शेजारी ठेवलेल्या असत, आणि त्या वेळेवर वर आणून देण्याचे काम माझ्याकडे होते. एके दिवशी दवाखान्यातल्या कंपाउंडरने सहज बोलता बोलता सांगून टाकले की, हे औषध कत्तलखान्यातल्या गाईगुरांच्या आणि डुकरांच्या स्वादुपिंडातून काढतात. झाले! त्या दिवसापासून बाटली डुकराची तर नाही ना, म्हणून खालाचा जीव टांगणीला आणि गाईची तर नाही ना, म्हणून काकूंचा. दोघींपैकी कोणालाच इंग्रजी वाचता येत नसे, त्यामुळे बाटलीवरची बारीक अक्षरे वाचण्याचे कामही ओघाने माझ्याकडेच आले. वाचून तरी काय उपयोग? दुकानात जी येई ती घ्यावी लागे. मोहल्ल्यातल्या मौलवीसाहेबांनी खालाला समजावले की, जीव वाचविण्यासाठी नाइलाजाने घेतलेल्या औषधाचा दोष लागत नाही. काकूंनाही त्यांच्या भटजींनी असेच काहीतरी सांगितले असावे. दोघी डोळे मिटून सुई टोचून घेत. पण मनातली बोच काही गेली नाही.

पुढे विज्ञान शिकताना आणि नंतर शिकविताना या बाटलीची गोष्ट मी बरीच वाचली. ती गोष्ट जीवाणूंच्या पोटातल्या एका चिमुकल्या वर्तुळाची आहे. त्याला प्लास्मिड म्हणतात. आज आपली कितीतरी मुलेमुली सूक्ष्मजीवशास्त्र आणि जैवतंत्रज्ञान या विषयांकडे वळली आहेत. पहिल्या वर्षीच्या प्रयोगशाळेत ती या वर्तुळाचे नाव ऐकतात, परीक्षेत त्याची आकृती काढतात आणि विसरून जातात. ही आकृती कशी घडत गेली, हे पालकांनी आणि विद्यार्थ्यांनी एकदा निवांतपणे वाचावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

आपल्या आतड्यात राहणाऱ्या इशेरिकिया कोलाय, थोडक्यात ई. कोलाय, या जीवाणूची सारी जन्मपत्रिका डीएनएच्या एका लांबलचक दोरीत असते. या दोरीखेरीज काही जीवाणूंजवळ डीएनएची लहान लहान सुटी वर्तुळेही असतात. दोरी ही घराची मिळकत मानली, तर ही वर्तुळे म्हणजे हातातल्या बांगड्या. त्या नसल्या तरी बाई जगते, असल्या तर उपयोगी पडतात, आणि मुख्य म्हणजे एकीच्या हातातून काढून दुसरीला घालता येतात. जीवाणू एकमेकांना जनुके देऊ शकतात हे १९४६ साली जोशुआ लेडरबर्ग आणि एडवर्ड टेटम यांनी अमेरिकेत दाखवून दिले. लेडरबर्ग तेव्हा अवघे एकवीस वर्षांचे होते. गुणसूत्राबाहेरच्या अशा आनुवंशिक घटकांना ‘प्लास्मिड’ हे नाव त्यांनीच १९५२ साली दिले.

नाव मिळाले तरी या बांगड्यांकडे जगाचे लक्ष गेले ते रोगराईमुळे. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानात आमांशाच्या साथींवर सल्फा औषधे आणि प्रतिजैविके यांचा भरपूर वापर झाला. पुढे डॉक्टरांच्या ध्यानात आले की, आमांशाचे काही जीवाणू एकाच वेळी चार चार औषधांना दाद देत नाहीत. असे चार बदल एकाच जीवाणूत योगायोगाने एकदम होणे जवळजवळ अशक्य. १९५९ साली ओचिआई आणि आकिबा या जपानी संशोधकांनी दाखविले की, औषधांना न जुमानणारे आतड्यातले ई. कोलाय आणि औषधांनी मरणारे आमांशाचे जीवाणू एकत्र ठेवले, तर ही ताकद एकाकडून दुसऱ्याकडे जाते. म्हणजे औषधाला तोंड देण्याची जनुके बांगडीवर बसून फिरत होती. रोग्यांच्या दृष्टीने ही बातमी वाईट होती आणि आजही आहे. पण विज्ञानाच्या इतिहासात वाईट बातमीच्या पोटातून अनेकदा अवजार निघते, तसे येथेही झाले.

या विषयाशी मुंबईचा एक धागा जोडलेला आहे. ओबेद सिद्दीकी हे मूळचे उत्तर प्रदेशातल्या बस्तीचे. १९३२ चा जन्म. अलीगढ मुस्लिम विद्यापीठात शिक्षण, त्यानंतर ग्लासगो येथे पॉन्टेकॉर्व्हो या नामांकित आनुवंशिकीतज्ज्ञांच्या हाताखाली डॉक्टरेट आणि पुढे अमेरिकेत संशोधन. डॉ. होमी भाभांनी त्यांना बोलावून घेतले आणि १९६२ साली टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रेण्वीय जीवशास्त्राचा विभाग त्यांच्या हाती दिला. भौतिकशास्त्र आणि गणित यांच्या घरात ही एक नवी चूल मांडली गेली. दोन जीवाणू जुळले असता दात्याचा डीएनए ग्राहकाच्या डीएनएमध्ये कसा मिसळतो, या प्रश्नावर सिद्दीकींनी काम केले. हा डीएनए पलीकडे नेण्याचे काम ‘एफ’ नावाचे प्लास्मिडच करते. पुढे ते माशीच्या मज्जासंस्थेच्या आणि गंधज्ञानाच्या अभ्यासाकडे वळले. बंगळूरचे राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र त्यांनी उभे केले. २००६ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले आणि २०१३ मध्ये एका रस्ता अपघातानंतर त्यांचे निधन झाले. आपल्या मुलांना खेळाडूंची आणि नटांची नावे पाठ असतात. हे नावही त्यांच्या कानावर पडायला हरकत नाही.

आता मूळ गोष्टीकडे येऊ. बांगडी कापायची तर कात्री हवी, सांधायची तर डिंक हवा. डिंक, म्हणजे लायगेज नावाचे एन्झाइम, १९६७ साली सापडला. कात्र्या जीवाणूंपाशीच होत्या. बाहेरून शिरणाऱ्या विषाणूंचा डीएनए तोडण्यासाठी जीवाणू काही एन्झाइमे बाळगतात. त्यांतले प्रत्येक एन्झाइम डीएनएतील ठराविक अक्षरांचा क्रम ओळखून तेथेच कापते. आर्बर, स्मिथ आणि नाथन्स यांना या कामासाठी १९७८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. सॅन फ्रान्सिस्कोच्या हर्बर्ट बॉयर यांच्याकडे ‘ईको-आर-वन’ नावाची एक खास कात्री होती. ती सरळ कापत नाही, पायरी ठेवून कापते. त्यामुळे दोन्ही टोकांना चार चार अक्षरांची शेपटी उरते आणि याच कात्रीने कापलेला कोणताही दुसरा तुकडा त्या शेपटीला आपणहून चिकटू पाहतो. मौज अशी की, ही कात्री तयार करण्याचे जनुकही मुळात एका प्लास्मिडवरच होते.

तिकडे जवळच स्टॅनफर्ड विद्यापीठात स्टॅन्ली कोहेन हे औषधांना न जुमानणाऱ्या प्लास्मिडांचा अभ्यास करीत होते. कॅल्शियम क्लोराइडच्या द्रावणात ठेवलेले जीवाणू बाहेरचे प्लास्मिड आत घेतात, हे त्यांच्या प्रयोगशाळेने १९७२ साली दाखविले होते. त्याच वर्षी नोव्हेंबरात हवाई बेटांवर होनोलुलूला प्लास्मिडांवर एक परिषद भरली. कोहेन आणि बॉयर एकाच परगण्यात राहणारे असूनही त्यांचे खरे बोलणे झाले ते तेथे, रात्री समुद्रकिनाऱ्याजवळच्या एका खाणावळीत. एकाकडे बांगडी होती, दुसऱ्याकडे कात्री. परतल्यावर काही महिन्यांत काम फत्ते झाले. दोन प्रयोगशाळांमध्ये सुमारे तास-दीड तासाचे अंतर होते. कोहेन यांच्या सहकारी ॲनी चँग सॅन फ्रान्सिस्कोत राहत. आपल्या लहानशा फोक्सवॅगन मोटारीतून त्याच नमुन्यांची ने-आण करीत.

‘पीएससी-१०१’ असे त्या प्लास्मिडाचे नाव. ईको-आर-वन त्याला नेमके एकाच ठिकाणी कापते, त्यामुळे बांगडीचे तुकडे न होता ती फक्त उघडते. त्यावर टेट्रासायक्लीनला तोंड देणारे जनुक होते. दुसऱ्या प्लास्मिडावरचे कॅनामायसिनला तोंड देणारे जनुक तिच्यात सांधून ती जीवाणूंत घातली आणि ते जीवाणू दोन्ही औषधे असलेल्या ताटलीत पसरले. जे जगले त्यांच्यात जोड-बांगडी होती. लाखोंत एखादा जीवाणू हवा असेल तर तो शोधत बसायचे नाही, बाकीच्यांना मरू द्यायचे. ही युक्ती आजही रोज वापरली जाते. १९७३ च्या नोव्हेंबरात हा निबंध प्रसिद्ध झाला. पुढल्याच वर्षी बेडकाचे जनुक जीवाणूत शिरले.

मग भीती निर्माण झाली. विषाणूचा डीएनए जोडणाऱ्या पॉल बर्ग यांनीच पुढाकार घेऊन १९७४ मध्ये अशा काही प्रयोगांना तात्पुरती स्थगिती द्यावी, असे जाहीर आवाहन केले. फेब्रुवारी १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ॲसिलोमार येथे शास्त्रज्ञ जमले आणि त्यांनी स्वतःवर नियम घालून घेतले. दुसरीकडे विद्यापीठांनी १९७४ मध्येच या पद्धतीच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. ते १९८० मध्ये मंजूर झाले आणि मुदत संपेपर्यंत दोन्ही विद्यापीठांना त्यातून सुमारे २५ कोटी ५० लाख डॉलर मिळाले. बर्ग यांना १९८० चे नोबेल मिळाले. कोहेन आणि बॉयर यांना ते मिळाले नाही. माझ्या मते हा हिशेब बरोबर झाला नाही, पण नोबेल समिती काही मला विचारून निर्णय घेत नाही.

बॉयर यांच्या प्रयोगशाळेत मेक्सिकोचे फ्रान्सिस्को बोलिवार आणि रेमंड रॉड्रिग्ज हे दोन तरुण काम करीत. १९७७ मध्ये त्यांनी एक सुटसुटीत प्लास्मिड बांधून काढले. ‘पीबीआर-३२२’ या नावातले ब आणि र हे त्यांचेच. ४,३६१ अक्षरांच्या जोड्यांचे हे वर्तुळ. त्यावर ॲम्पिसिलिन आणि टेट्रासायक्लीन अशा दोन औषधांविरुद्धची जनुके. परके जनुक टेट्रासायक्लीनच्या जनुकात खुपसले की ते जनुक मोडते. मग ॲम्पिसिलिनमध्ये जगणारा पण टेट्रासायक्लीनमध्ये मरणारा जीवाणू दिसला की समजावे, माल आत गेला आहे. जगभरच्या प्रयोगशाळांत वर्षानुवर्षे हेच वर्तुळ राबले, आणि आजच्या बहुतेक प्लास्मिडांत त्याचा एखादा तरी तुकडा सापडतो.

पण जनुक आत जाणे वेगळे आणि त्यावरून प्रथिन बनणे वेगळे. कारखान्यात नकाशा पोहोचला म्हणजे यंत्र सुरू झाले, असे नव्हे. जनुकाच्या आधी ‘येथून वाचायला सुरुवात करा’ सांगणारा डीएनएचा एक तुकडा लागतो, त्याला प्रमोटर म्हणतात. प्रथिने विणणारे यंत्र जिथे बसते ती जागा लागते आणि शेवटी थांबण्याची खूण लागते. माणसाच्या जनुकाजवळची ही चिन्हे जीवाणूला कळत नाहीत. म्हणून जीवाणूची स्वतःची चिन्हे प्लास्मिडवर बसवावी लागली. त्यासाठी पहिली उसनवारी झाली ती दुधातली साखर पचविणाऱ्या ‘लॅक’ जनुकांची. ही जनुके गरज पडल्यावरच जागी होतात, हे पॅरिसच्या जेकब आणि मोनो यांनी १९६१ मध्ये उलगडून दाखविले होते.

आता या इतिहासातला माझ्या आवडीचा प्रसंग. बॉयर यांनी रॉबर्ट स्वॉन्सन या तरुण उद्योजकाबरोबर १९७६ मध्ये जेनेन्टेक नावाची कंपनी काढली. इन्शुलीनला हात घालण्यापूर्वी त्यांनी सोमॅटोस्टॅटिन हे मेंदूतले छोटे संप्रेरक निवडले. ते फक्त १४ अमिनो आम्लांचे. इटाकुरा आणि रिग्ज या शास्त्रज्ञांनी त्याचे जनुक रसायनांपासून जुळवून तयार केले. प्रयोगशाळेत संपूर्ण जनुक बांधता येते, हे आपल्या पंजाबात जन्मलेल्या हरगोविंद खुराना यांनी १९७० मध्येच सिद्ध केले होते. जनुक प्लास्मिडात बसविले, प्लास्मिड जीवाणूत गेले, सर्व काही व्यवस्थित. आणि प्रथिन? शून्य!

कारण लक्षात आले तेव्हा ते अगदी साधे निघाले. जीवाणूच्या पेशीत परकी, आखूड प्रथिने कुरतडून टाकणारी एन्झाइमे असतात. चौदा मण्यांची ही चिमुकली माळ बनत होती आणि लगेच खाल्ली जात होती. मग त्यांनी युक्ती केली. जीवाणूचे स्वतःचे बीटा-गॅलॅक्टोसिडेज हे हजाराहून अधिक अमिनो आम्लांचे भले मोठे प्रथिन घेतले आणि त्याच्या शेपटाला ही माळ जोडून दिली. जीवाणूला वाटले, हे आपलेच. त्याने हात लावला नाही. जोडाच्या जागी मेथिओनिन हे अमिनो आम्ल ठेवले होते. सायनोजेन ब्रोमाइड हे रसायन मेथिओनिनच्या जागीच साखळी तोडते आणि सोमॅटोस्टॅटिनमध्ये मेथिओनिन मुळीच नाही. त्यामुळे जोड तुटला आणि माळ अखंड हाती आली. १९७७ च्या डिसेंबरात ही बातमी प्रसिद्ध झाली. हे संप्रेरक प्रथम शोधून काढताना काही मिलिग्रॅमसाठी सुमारे पाच लाख मेंढ्यांचे मेंदू लागले होते. आता तितकेच काही लिटर जीवाणूंच्या काढ्यातून मिळाले.

प्रथिनाला दुसरे प्रथिन जोडण्याच्या कल्पनेचा उगम असा पहारेकरी नेमण्यात झाला. हीच रीत इन्शुलीनला लागू पडली. इन्शुलीनच्या दोन साखळ्या असतात, एक २१ अमिनो आम्लांची आणि दुसरी ३० ची. फ्रेडरिक सँगर यांनी त्यांचा क्रम १९५५ पर्यंत पुरा केला होता. दैवयोगाने माणसाच्या इन्शुलीनमध्येही मेथिओनिन नाही. हार्वर्डच्या वॉल्टर गिल्बर्ट यांचा चमूही याच शर्यतीत होता. त्यांनी उंदराच्या जातीच्या प्राण्याचे इन्शुलीन-जनुक पीबीआर-३२२ मधून जीवाणूत चालवून दाखविले. परंतु माणसाचे जनुक हाताळण्यासाठी नियमांप्रमाणे कडेकोट बंदोबस्ताची प्रयोगशाळा हवी होती, म्हणून त्यांना इंग्लंडमधल्या पोर्टन डाऊन या लष्करी ठिकाणी जावे लागले. तेथे माणसाच्या जनुकाऐवजी पुन्हा उंदराचेच जनुक हाती लागले. जेनेन्टेकचे जनुक रसायनांतून बांधलेले असल्याने हे नियम त्याला लागू नव्हते. त्यांनी दोन साखळ्या दोन वेगळ्या जीवाणूंत बनविल्या, कापल्या आणि १९७८ च्या ऑगस्टमध्ये एकत्र जुळविल्या. एली लिली कंपनीचे ‘ह्युमुलिन’ ऑक्टोबर १९८२ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले. त्यापूर्वी जेमतेम पाव किलो इन्शुलीनसाठी दोन टनांहून अधिक स्वादुपिंडे लागत. डुकराचे इन्शुलीन माणसाच्या इन्शुलीनपेक्षा एकाच अमिनो आम्लाने वेगळे आणि गाईचे तीन अमिनो आम्लांनी. आमच्या चाळीतल्या सगळ्या घालमेलीचे रासायनिक मोजमाप एवढेच होते.

खाला १९८१ च्या पावसाळ्यात गेली. ती बाटली तिने पाहिली नाही.

पहारेकरी म्हणून जोडलेल्या शेपटीचा दुसरा उपयोग हळूहळू सुचला. कोकणातल्या वाचकांना विहिरीत पडलेले भांडे काढण्याचा अनुभव असेल. बादली पडली तर तिला कडी असते, लोखंडी गळ सोडला की चटकन अडकते. गुळगुळीत कळशी पडली तर तासन्‌तास गळ फिरवा, हाती येत नाही. जीवाणूची पेशी फोडली की तिच्यातून हजारो प्रकारची प्रथिने एकदम बाहेर पडतात. त्या गर्दीतून आपले एक काढायचे म्हणजे ही कळशीच. प्रत्येक प्रथिनाचा स्वभाव वेगळा, म्हणून प्रत्येकासाठी वेगळी रीत बसवावी लागे आणि त्यात संशोधकाची दोन-तीन वर्षे सहज जात. मग प्रथिन बनतानाच त्याला एक कडी का लावू नये? १९८३ मध्ये स्वीडनच्या माथियास उलेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्टॅफिलोकोकस जीवाणूच्या ‘प्रोटीन ए’ची अशी कडी केली. ते प्रतिपिंडांना घट्ट धरते, म्हणून प्रतिपिंडे बसविलेल्या नळीतून काढा ओतला की कडीवाले प्रथिन तेवढे अडकते.

१९८८ हे वर्ष तर कड्यांचेच ठरले. मेलबर्नमध्ये डोनाल्ड स्मिथ आणि केव्हिन जॉन्सन हे शिस्टोसोमा नावाच्या, माणसाच्या रक्तवाहिन्यांत राहणाऱ्या परोपजीवी कृमीविरुद्ध लस शोधण्याच्या कामाशी संबंधित होते. त्या कृमीचे ग्लुटाथायोन ट्रान्सफरेज हे प्रथिन त्यांच्यापाशी होते. ते जीवाणूत भरपूर बनते, विरघळलेले राहते आणि ग्लुटाथायोन लावलेल्या मण्यांना अलगद चिकटते. ग्लुटाथायोनचेच द्रावण ओतले की तितक्याच सहज सुटते. त्यांनी त्याची कडी करून ‘पीजेक्स’ नावाची प्लास्मिडे बांधली. कृमीवर काम करता करता हाती आलेले हे अवजार जगभर पोहोचले. त्याच वर्षी माल्टोज साखर धरणाऱ्या प्रथिनाची कडी आली आणि आठ अमिनो आम्लांची ‘फ्लॅग’ ही छोटी कडीही आली.

पण सगळ्यांत टिकली ती बाझेलच्या रॉश कंपनीतल्या होखुली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काढलेली कडी. तिच्यात विशेष असे काहीच नाही. हिस्टिडीन हे एकच अमिनो आम्ल ओळीने सहा वेळा, बस्स! डीएनएत फक्त अठरा अक्षरे. हिस्टिडीन धातूच्या अणूला धरून ठेवते, याचा उपयोग करून घेण्याची रीत स्वीडनच्या पोराथ यांनी १९७५ मध्येच जस्त आणि तांबे वापरून दाखविली होती. बाझेलकरांनी निकेल घेतले आणि ते मण्यांवर पक्के बसवून ठेवणारे नवे रसायन तयार केले. नळीत निकेलचे मणी, वरून पेशींचा काढा. सहा हिस्टिडीनवाले प्रथिन थांबते, बाकीचे वाहून जाते. नंतर इमिडॅझोल ओतायचे. हिस्टिडीनच्या अंगावरचे वलय म्हणजेच इमिडॅझोल, त्यामुळे ते निकेलवरची जागा घेते आणि आपले प्रथिन मोकळे होते. दुपारी सुरू केलेले काम संध्याकाळी संपते.

या कडीचा आणखी एक गुण आहे. जीवाणूला सक्तीने भराभर प्रथिन बनवायला लावले, तर पुष्कळदा त्याच्या घड्या नीट पडत नाहीत आणि त्याचे पांढरे गोळे पेशीत साचतात. पहिल्या इन्शुलीनच्या वेळीही असे गोळे सूक्ष्मदर्शकातून दिसले होते. ते युरियाच्या तीव्र द्रावणात विरघळतात. त्या द्रावणात मोठ्या कड्यांचा आकारच बिघडतो आणि त्या निकामी होतात. सहा हिस्टिडीनना आकारच नाही, त्यामुळे ते तेथेही काम करतात. मागाहून युरिया हळूहळू काढून टाकला की काही प्रथिने पुन्हा ताळ्यावर येतात. सगळी येत नाहीत. उकडलेले अंडे पुन्हा कच्चे करण्याचाच तो खटाटोप आहे आणि त्यात बऱ्याच विद्यार्थ्यांचे उमेदीचे महिने गेलेले मी पाहिले आहेत.

कडी झाली, आता जोर हवा. अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत विल्यम स्टडियर हे ‘टी-सेव्हन’ या विषाणूवर अनेक वर्षे काम करीत होते. हा विषाणू ई. कोलायवर हल्ला करतो. त्याचे डीएनए वाचणारे एन्झाइम स्वतःच्या प्रमोटरखेरीज दुसरे काही वाचत नाही आणि जीवाणूच्या एन्झाइमपेक्षा कित्येक पटींनी वेगाने वाचते. स्टडियर आणि बार्बरा मॉफॅट यांनी १९८६ मध्ये या एन्झाइमचे जनुक जीवाणूच्या गुणसूत्रात बसविले आणि त्याला लॅकचे कुलूप लावले. प्लास्मिडवर टी-सेव्हनचा प्रमोटर आणि त्यापुढे हवे ते जनुक. जीवाणू आधी भरपूर वाढू द्यायचे, मग आयपीटीजी नावाचे रसायन टाकून कुलूप उघडायचे. काही तासांत पेशीतल्या एकंदर प्रथिनांपैकी निम्म्याहून अधिक आपले असू शकते. ही ‘पेट’ मालिकेची प्लास्मिडे. त्यांच्यासाठी वापरला जाणारा ‘बीएल-२१’ हा जीवाणू निवडताना एक काळजी घेतली होती, परकी प्रथिने कुरतडणारी दोन एन्झाइमे त्याच्यात नाहीत. सोमॅटोस्टॅटिन खाऊन टाकणाऱ्या भुकेवरचा हा इलाज.

विद्यार्थ्यांचा येथे हमखास घोटाळा होतो, म्हणून एक गोष्ट सांगून ठेवतो. डीएनएचा मजकूर तीन तीन अक्षरांनी वाचला जातो, मध्ये जागा सोडलेली नसते. ‘कमळगवतबदकनगर’ हे तीन तीन अक्षरांनी वाचले तर कमळ, गवत, बदक, नगर. सुरुवातीचे एकच अक्षर गळाले तर मळग, वतब, दकन, आणि पुढे गर. कडी आणि प्रथिन यांचा जोड एका अक्षराने जरी सरकला, तर कडी बरोबर आणि पुढचे सारे निरर्थक. म्हणूनच ही प्लास्मिडे एकेका अक्षराच्या फरकाने तीन तीन प्रकारांत निघतात, अ, ब आणि क. तीन महिने राबून प्रथिन का मिळत नाही म्हणून रडकुंडीला आलेल्या एका मुलीची वही मी पाहिली, तेव्हा तिने ‘अ’ऐवजी ‘ब’ घेतलेले होते. चूक अर्ध्या मिनिटात सापडली. तीन महिने मात्र परत आले नाहीत.

जीवाणूला सर्व काही जमते असेही नाही. माणसाच्या पुष्कळ प्रथिनांवर साखरेच्या साखळ्या चढवाव्या लागतात, ते काम साधा ई. कोलाय करीत नाही. तेथे यीस्ट किंवा सस्तन प्राण्यांच्या पेशी वापराव्या लागतात. मुंबईच्या वोखार्ट कंपनीने २००३ मध्ये आणलेले मानवी इन्शुलीनही यीस्टमध्ये बनविलेले होते, जीवाणूत नव्हे. तरीही स्वस्त, झटपट आणि भरपूर हवे असेल तेव्हा पहिली धाव ई. कोलायकडेच असते. २०२० मध्ये कोरोनाच्या चाचण्यांसाठी नाकातले नमुने देशभर तपासले जात होते, तेव्हा त्या चाचणीतली एन्झाइमे अशाच प्लास्मिडांवरून जीवाणूंत तयार झालेली होती.

प्राण्यांपासून काढलेले इन्शुलीन हळूहळू मागे पडले. लिलीने अमेरिकेतले आपले डुकराचे इन्शुलीन २००५ च्या अखेरीस बंद केले. काकूंपर्यंत नवी बाटली त्याच्या पुष्कळ आधी, नव्वदच्या दशकात आली. तोवर त्यांचा नातू शाळेत जाऊ लागला होता आणि त्याने बाटलीवरचे अक्षर वाचून आजीला सांगितले, ‘ह्यूमन’ म्हणजे माणसाचे. काकूंनी बाटली तशीच खाली ठेवली आणि मला बोलावणे पाठविले. “अरे, गाय झाली, डुक्कर झालं, आता माणसं मारायला लागले की काय?” मी त्यांच्याच हातातली एक काचेची बांगडी मागून घेतली आणि प्लास्मिड म्हणजे काय, ते कुठे कापतात, कसे सांधतात, जीवाणूला ते आपलेच कसे वाटते, हे अर्धा तास सांगितले. त्या मन लावून ऐकत होत्या. शेवटी बांगडी परत घेत म्हणाल्या, “म्हणजे त्या किड्यांना फसवलं म्हणायचं?”

मी म्हणालो, “हो काकू.”

“आणि कुणाचा जीव नाही गेला?”

“किड्यांचा गेला.”

काकूंनी क्षणभर विचार केला आणि नातवाला सुई उकळायला ठेवायला सांगितले.